चुन्याची निवळी आणि कांचेंतला समुद्र

संसार मांडावयास चार दिवस पुरतात, तो नीट चालविण्यास मात्र जन्म अपुरा पडतो, असें आपल्या घरांतील वडील माणसें सांगत आलीं आहेत. हेंच वचन अगदीं अनपेक्षित ठिकाणीं, म्हणजे कांचेच्या टाकींत वाढविलेल्या पोवळ्यांच्या बाबतींत, किती तंतोतंत लागू पडतें, हें आज वाचकांपुढें मांडण्याचा आमचा विचार आहे. खाऱ्या पाण्याची टाकी उभी कशी करावी हें सांगणारे पुष्कळ भेटतात. ती टाकी दहा-पंधरा वर्षांची झाल्यावर तिच्या पाण्याची प्रकृति एकसारखी कशी राखावी, हा प्रश्न त्याहून कठीण आहे आणि खरी जोखीमहि तेथेंच आहे. नव्या टाकींत चूक झाली तर एखादा जीव दगावतो. जुन्या टाकींत झाली तर वर्षानुवर्षें वाढलेली सबंध वसाहत थोडक्या दिवसांत पांढरी पडते.

हा विषय आपल्या घरांत कोठून आला, असें एखादी वाचकभगिनी विचारील. ज्यांचीं मुलें परदेशीं स्थायिक झालीं आहेत, अशा आईबापांपैकीं कित्येकांनीं तेथील दिवाणखान्यांत निळसर उजेडाखालीं झुलणारीं हीं पोवळीं पाहिलीं असतील. 'आम्ही आठवडाभर बाहेरगांवीं जातों, तेवढें टाकीकडे पाहा,' अशी कामगिरीहि कोणाच्या पदरीं पडली असेल. मात्र येथेंच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. भारतांत दगडी पोवळ्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें संरक्षण आहे, आणि तेंहि ज्या पहिल्या अनुसूचींत वाघाचें नांव आहे त्याच अनुसूचींत. मालवणच्या समुद्रांत पोवळीं आहेत. विजयदुर्गाच्या पश्चिमेस खोल समुद्रांतील आंग्रिया बँकेवरहि आहेत. तीं तेथेंच शोभतात. तेव्हां हा लेख वाचून कोणीं पोवळें घरीं आणण्याचा मोह धरूं नये. आम्हांस सांगावयाचें आहे तें त्यांच्याभोंवतालच्या पाण्याविषयीं.

पोवळें म्हटलें म्हणजे आपल्याकडे मंगळाच्या अंगठींतील तांबडा खडा डोळ्यांपुढें येतो. तें पोवळें निराळें. तें भूमध्य समुद्रासारख्या ठिकाणीं अंधाऱ्या कपारींत वाढतें आणि खडक बांधीत नाहीं. येथें ज्यांचा विचार करावयाचा, तीं उष्ण, उथळ आणि निर्मळ समुद्रांतील दगडी पोवळीं होत. असें प्रत्येक पोवळें म्हणजे बहुधा असंख्य चिमुकल्या प्राण्यांची एक वसाहत असते. त्यांच्या शरीरांत सूक्ष्म शैवालें बिऱ्हाड करून राहतात, उजेडांत अन्न तयार करतात आणि त्याचा मोठा वांटा यजमानाला देतात. यजमान त्या बळावर पाण्यांतील कॅल्शियम आणि कार्बोनेट उचलतो व पायाखालीं चुनखडीचें घर बांधीत जातो. हें बांधकाम रात्रंदिवस थोडेंफार चालूच असतें. गवंडी कामावर असला म्हणजे दारांतील चुन्याची रास रोज उणी होते. टाकींतील पाण्याचें तसेंच आहे.

घरच्या टाकींत अशीं पोवळीं जगवितां येतात, हें पटवून देणाऱ्या पहिल्या मंडळींत जाकार्ताचे ली चिन एंग यांचें नांव घेतलें पाहिजे. १९६१ सालीं त्यांनीं एका अमेरिकन मासिकांत आपली रीत प्रसिद्ध केली. समुद्रांतून आणलेले जिवंत खडक, सूर्याचा उजेड आणि हवेचे मंद बुडबुडे, एवढ्यावर त्यांची भिस्त होती. पण त्यांना समुद्र हाताशीं होता. जर्मनीसारख्या देशांत समुद्रापासून दूर राहणाऱ्या हौशी लोकांना पाणी स्वतः मीठ कालवून तयार करावें लागे. म्हणून त्या पाण्याच्या रसायनाकडे त्यांना बारकाईनें पाहावें लागलें. त्यांच्यापैकीं पीटर विल्केन्स यांनीं १९७० नंतरच्या काळांत एका अत्यंत साध्या उपायाचा प्रसार केला. जर्मन भाषेंत त्याला 'काल्कवासर' म्हणतात. त्याचा शब्दशः अर्थ चुन्याचें पाणी. म्हणजे आपली चुन्याची निवळी!

या निवळीचें मोल कळण्यासाठीं थोडा हिशेब पाहावा लागेल. तो कंटाळवाणा नाहीं. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांत कॅल्शियम सुमारें ४२० मिलिग्रॅम आणि मॅग्नेशियम सुमारें १३०० मिलिग्रॅम. तिसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे पाण्याची अल्कता. आंत आम्ल आलें तर तें पचविण्याची पाण्याची जी शक्ति, तिला अल्कता म्हणावयाचें. समुद्रांत ती मुख्यतः बायकार्बोनेट आणि कार्बोनेट यांच्यामुळें असते. ती मोजण्याचें एकक मिलिइक्विव्हॅलंट या लांबलचक नांवाचें आहे. आपण त्याला नुसतें एकक म्हणूं. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत अशीं सुमारें अडीच एककें असतात. टाकी राखणारे लोक ती अडीचपासून चारपर्यंत ठेवतात.

आतां गंमत अशी कीं, पोवळें घर बांधूं लागलें म्हणजे अल्कतेच्या एका एककामागें कॅल्शियम फक्त २० मिलिग्रॅम खर्च होतें. म्हणजे अल्कता अडीचावरून दीडावर आली, तेव्हां कॅल्शियम ४२० वरून ४०० वर आलेलें असतें. एका खात्यांतील शेंकडा चाळीस पुंजी गेली, आणि दुसऱ्या खात्यांत शेंकडा पांचहि गेली नाहीं! ज्या घरांत तांदळाची कोठी भरलेली आहे पण मिठाची बरणी तळाला गेली आहे, त्या घराची अन्नाची चिंता मिटली असें आपण म्हणत नाहीं. म्हणूनच कॅल्शियमचा आंकडा पाहून निश्चिंत होणारा मनुष्य फसतो, आणि जाणता मनुष्य अल्कतेवर नजर ठेवतो. ती मोजणें सोपें आहे. नळींत मापून पाणी घ्यावें, रंगाचे थेंब टाकावे, आणि रंग पालटेपर्यंत आम्लाचे थेंब मोजीत जावें. हें काम रोज एकाच वेळीं करावें आणि आंकडा वहींत टिपून ठेवावा. एका दिवसाचा आंकडा फारसें सांगत नाहीं. महिन्याभराचे आंकडे एकाखालीं एक वाचले म्हणजे टाकी कोणत्या दिशेनें चालली आहे तें कळतें.

येथें जुन्या टाकीचा विशेष लक्षांत येतो. नवी टाकी मांडली, तिच्यांत बोटाएवढे पोवळ्यांचे तुकडे लावले, तेव्हां त्यांचा खर्च जवळजवळ नसतोच. अधूनमधून दहावा हिस्सा पाणी बदललें तरी भागतें. पुढें ते तुकडे मुठीएवढे होतात, मग सुपाएवढे. पाणी तेवढेंच राहतें, खाणारीं तोंडें मात्र वाढलेलीं असतात. चारशें लिटरांच्या टाकींत रोज लिटरमागें ०.४ एकक खर्च होत असेल, तर पोवळीं दिवसाला ८ ग्रॅम चुनखडी बांधीत आहेत असा त्याचा अर्थ. वर्षाकांठीं जवळजवळ तीन किलो दगड! हा सारा दगड पाण्यांतून येतो, आणि पाण्यांत तो कोणीतरी घालावा लागतो. जुनी टाकी आपली आपण चालते, हा समज म्हणूनच घातक आहे. दिसावयास ती शांत असते, पण तिची रोजची भूक नव्या टाकीच्या कितीतरी पट असते. पांच दिवस भरणा झाला नाहीं तर या हिशेबानें दोन एककें गेलीं, म्हणजे बहुतेक सारी पुंजीच गेली. अल्कता उतरतांच बांधकाम मंदावतें म्हणून ती अगदीं शून्यावर येत नाहीं. परंतु बांधकाम मंदावणें हेंच आजाराचें पहिलें पाऊल होय.

आतां निवळी. पानाच्या डब्यांतील भिजवलेला चुना आणि हा चुना रासायनिक दृष्टीनें एकच. फक्त टाकीसाठीं तो शुद्ध लागतो. स्वच्छ पाण्याच्या एका लिटरांत तो सुमारें दीड ग्रॅम विरघळतो, बाकीचा तळाशीं बसतो. वरचें नितळ पाणी घ्यावयाचें. या एका लिटरांत अल्कतेचीं सुमारें ४० एककें असतात आणि कॅल्शियम सुमारें ८०० मिलिग्रॅम असतें. ताडून पाहिलें तर एका एककामागें २० मिलिग्रॅम, म्हणजे पोवळें ज्या प्रमाणांत उचलतें त्याच प्रमाणांत! मागें कसलाहि नको तो क्षार उरत नाहीं. शिवाय टाकींतील पाण्याची रोज वाफ होते. पाणी उडून जातें आणि मीठ मागें राहतें, म्हणून खारेपणा वाढूं नये यासाठीं गोडें पाणी रोज घालावेंच लागतें. चारशें लिटरांच्या टाकींतून दिवसाला चार लिटर उडत असेल, तर तेवढीच निवळी घातली म्हणजे १६० एककें पडलीं. लिटरमागें बरोबर ०.४. उडालेलें पाणी भरून निघालें आणि गवंड्याला चुनाहि मिळाला.

परंतु ही निवळी जहाल असते. तिचा पीएच बाराच्या वर, समुद्राचा आठाच्या आसपास. ती डोळ्यांत जाऊं देऊं नये, आणि टाकींत एकदम ओतूं नये. एकदम ओतली तर पाणी दुधाळ होतें. विरघळलेली चुनखडी तेथल्या तेथें पांढरी भुकटी होऊन खालीं बसते, आणि जें वाढवावयाचें होतें तेंच घटतें. दवाखान्यांत सलाइन ठिबकतें तशी ती थेंबाथेंबानें, विशेषतः रात्रीं, घालावी. दिवसा शैवालें कार्बन डायऑक्साइड शोषून घेतात म्हणून पीएच चढलेला असतो. रात्रीं सर्वजण श्वास सोडतात आणि तो उतरतो. त्या वेळीं निवळीचा जहालपणा उपयोगी पडतो.

पोवळीं अजून वाढलीं आणि खर्च दिवसाला एका एककावर गेला, म्हणजे निवळी पुरत नाहीं. कारण उडालेल्या पाण्याहून अधिक पाणी टाकींत घालतां येत नाहीं. मग दोन मार्ग राहतात. एक म्हणजे कॅल्शियम क्लोराइड आणि खाण्याचा सोडा यांचीं वेगवेगळीं द्रावणें मापून घालणें. यांत साधें मीठ मागें उरतें आणि खारेपणा हळूहळू चढतो, म्हणून तोहि मोजावा लागतो. दुसरा मार्ग म्हणजे बंद नळकांड्यांत पोवळ्यांची जुनी खडी भरून तिच्यांतून कार्बन डायऑक्साइड मिसळलेलें पाणी सावकाश फिरविणें. आम्लानें खडी विरघळते आणि जुन्या पिढीच्या घरांतून नव्या पिढीला चुना मिळतो. मार्ग कोणताहि असो, मॅग्नेशियमकडे दुर्लक्ष करूं नये. पाण्यांतील चुनखडी आपोआप खालीं बसूं नये म्हणून तें पहारा करीत असतें. तें घटलें म्हणजे कितीहि भर घाला, ती पंपांवर आणि पाणी तापविणाऱ्या कांड्यांवर पांढरी पुटें होऊन बसते.

जमेच्या बाजूइतकीच मळाची बाजू महत्त्वाची आहे. माशांना घातलेलें अन्न शेवटीं अमोनिया होतें, सूक्ष्म जंतु त्याचें नायट्राइट आणि पुढें नायट्रेट करतात, आणि खडकांच्या आंतील हवाहीन पोकळ्यांत राहणारे दुसरे जंतु नायट्रेटाचा निरुपद्रवी नायट्रोजन वायु करून सोडतात. फॉस्फेटाला मात्र असा वायुरूप होऊन निघून जाण्याचा मार्ग नाहीं. तें खडकांत आणि वाळूंत मुरून बसतें, आणि वर्षांनीं पुन्हां पाण्यांत उतरूं लागतें. जुन्या घराच्या भिंतींतून लोणा फुटावा तसें. फार झालें तर तें चुनखडीच्या बांधकामांत विघ्न आणतें. म्हणून कांहीं जण तें समूळ काढून टाकण्याच्या मागें लागतात. पण पोवळ्यांतील शैवालांनाहि त्याचा अल्प अंश लागतो. साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनीं २०१३ सालीं प्रसिद्ध केलेल्या संशोधनांत असें दाखविलें आहे कीं, नायट्रेट भरपूर आणि फॉस्फेट अगदींच दुर्मिळ अशी स्थिति झाली, म्हणजे उष्णता व प्रखर उजेड यांनीं पोवळीं पांढरीं पडण्याचा संभव वाढतो. अति स्वच्छता हीहि एक प्रकारची उपासमारच!

येथें आम्ही मुख्य मुद्द्यावर येतों. कोणता आंकडा आदर्श, यावर हौशी मंडळींत अखंड वाद चालतो. कोणी अल्कता अडीच ठेवतो, कोणी साडेतीन. दोघांचींहि पोवळीं वाढतात. ज्याची अल्कता आज अडीच, उद्यां चार आणि परवां तीन, त्याचीं पोवळीं मात्र टोकांकडून जळूं लागतात. पुष्कळ दिवस उणें पडलेलें पाहून एका दुपारींत सर्व भरून काढण्याची घाई हीच प्रौढ टाकीची मोठी शत्रु आहे. दीर्घ उपवास करणाऱ्याचें पारणें पेजेनें करावें, पक्वान्नानें करूं नये, हें आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. अल्कता वाढवावयाचीच तर दिवसाला अर्ध्या एककाहून अधिक वाढवूं नये, असा जाणत्यांचा सामान्य दंडक आहे.

तथापि स्थैर्य म्हणजे निश्चलता असा अर्थ कोणीं घेऊं नये. समुद्रांतहि पीएच दिवसा चढतो, रात्रीं उतरतो; ऋतूंप्रमाणें उष्णता बदलते, चंद्राप्रमाणें रात्रींचा उजेड बदलतो. हा सारा बदल नेमाचा असतो. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयांतील मत्स्यालयांत जेमी क्रॅग्स व त्यांचे सहकारी यांनीं बंद टाकींत हाच नेम उतरविला. समुद्रांतील ऋतु, दिनमान आणि चंद्रकला यांची हुबेहूब नक्कल केली, आणि २०१३ सालीं तेथील पोवळ्यांनीं टाकींत बीजें सोडलीं. ज्यांचा नेम सांभाळला गेला, त्यांनीं पुढच्या पिढीची तयारी केली.

शाळेंत चुन्याच्या निवळींत नळीनें फुंकर घालून ती दुधाळ झालेली आपण सर्वांनीं पाहिली आहे. आपल्या श्वासांतील कार्बन डायऑक्साइडचा तो प्रताप. तोच वायु टाकीवरहि परिणाम करतो. हिवाळ्यांत दारें-खिडक्या लावून घरांत पुष्कळ माणसें बसलीं, म्हणजे टाकीचा पीएच उतरतो आणि खिडकी उघडली म्हणजे चढतो. याचा फार मोठ्या प्रमाणावरचा अनुभव अमेरिकेंतील अ‍ॅरिझोना प्रांतांत आला. तेथें 'बायोस्फिअर २' नांवाच्या बंद कांचगृहांत सुमारें २६ लक्ष लिटरांचा समुद्र पोवळ्यांसह वसविला होता, आणि २६ सप्टेंबर १९९१ पासून २६ सप्टेंबर १९९३ पर्यंत आठ माणसें आंत राहिलीं. आंतील हवेंत कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या कित्येक पट वाढला, आणि समुद्राचा पीएच राखण्यासाठीं त्यांत सोड्यासारखे क्षार घालावे लागले. पुढें कोलंबिया विद्यापीठाच्या ताब्यांत तें कांचगृह असतांना क्रिस लँग्डन आणि त्यांचे सहकारी यांनीं त्याच समुद्रावर प्रयोग केले. २००० सालीं प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा कीं, पाण्यांतील कार्बोनेट कमी झालें कीं पोवळ्यांचें बांधकाम त्या मानानें मंदावतें, आणि काळ लोटला तरी त्यांना त्याची संवय होत नाहीं.

हा निष्कर्ष कांचगृहापुरता राहिला नाहीं. कोळसा आणि तेल जाळून जो वायु मनुष्यजातीनें हवेंत सोडला, त्याचा मोठा हिस्सा समुद्रानें पोटांत घेतला आहे. त्यामुळें समुद्राच्या पृष्ठभागाचा पीएच औद्योगिक क्रांतीपूर्वी सुमारें ८.२ होता तो आतां ८.१ च्या आसपास आला आहे. आंकडा लहान दिसतो, पण या मोजपट्टीच्या रीतीमुळें आम्लपणांतील ही वाढ शेंकडा तीसच्या जवळपास भरते. टाकीवाल्याला जो घसारा आठवड्यांत दिसतो, तोच समुद्रांत शतकाच्या गतीनें चालला आहे. समुद्रांत निवळी ठिबकवील एवढी कोठी कोणाजवळच नाहीं. तेथें उपाय धूर कमी करण्याचाच.

अखेर, ज्यांच्यावर दुसऱ्याची जुनी टाकी कांहीं दिवस सांभाळण्याचा प्रसंग येईल, त्यांच्यासाठीं चार शब्द. रोजची निवळी मालकाकडूनच बाटल्यांतून मापून, वार लिहून घ्यावी आणि बाटल्यांचीं झांकणें घट्ट ठेवावीं. उघडी राहिली तर हवेनें तिच्यावर साय धरते आणि तिचा कस जातो. मासे भुकेले दिसले म्हणून सांगितल्याहून अधिक अन्न घालूं नये. एखाद्या दिवशीं निवळी घालावयाची राहिली, तर दुसऱ्या दिवशीं दुप्पट घालूं नये. त्या दिवसाची तेवढीच घालावी, राहिलेली बाटली बाजूला ठेवावी आणि मालक आल्यावर तसें सांगावें. आणि संध्याकाळीं पांच मिनिटें टाकीसमोर बसून पोवळीं पाहावीं. तीं रोजच्यासारखींच फुललेलीं दिसलीं, तर आपलें काम झालें असें समजावें.